जोत्याची उंची

ओल हा शब्द मराठीने फार प्रेमाने वापरला आहे. मृगाचा पाऊस झाला की शेतकरी मातीत बोट खुपसून ओल किती खोल गेली ते पाहतो आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. माणसाच्या मनात ओलावा असावा असे आपण म्हणतो. ज्याच्या ठायी तो नाही त्याला कोरडा म्हणून बाजूला सारतो. हाच शब्द घराच्या भिंतीला लागला की त्याचा अर्थ मात्र पार पालटतो. 'भिंतीला ओल आली' हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते तेथे पुढची वाक्ये ठरलेली असतात : धान्याला बुरशी, गादीला वास, म्हाताऱ्याचे सांधे आणि लेकराचा खोकला. आपल्या इंदुरी मराठीत तर तिला ओल म्हणणेही आपण सोडून दिले आहे. आपल्या घरांत 'सीलन' येते. शब्द हिंदीचा, भिंत आपली.

माळव्याच्या हवेची स्तुती ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, ही काशीच्या सकाळीच्या आणि अवधच्या संध्याकाळच्या जोडीला बसविली गेली आहे, आणि ज्याने उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून अंथरूण घातले आहे तो त्या स्तुतीविषयी शंका घेणार नाही. पण रात्र जानेवारीतही येते. उत्तरेकडे हिमवृष्टी झाली आणि तिकडचे वारे इकडे वळले की या साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर पारा बघता बघता एक आकडी होतो. पक्क्या घरात राहणाऱ्यांस ही थंडी सुखाची वाटते. हुरडा, गराडू आणि सराफ्यातली गरम जिलबी यांची ती थंडी. नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत ती वेगळी असते. तेथे ती वाऱ्याबरोबर येते ती थोडी. बरीचशी ती जमिनीतून वर चढते आणि भिंतीत मुक्काम करते. कोरडी थंडी पांघरुणाने भागते. ओल्या घरातली थंडी पांघरुणालाच ओले करते.

आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत इकडे आले आणि पुढे चार पिढ्या एका जुन्या वाड्यात भाडेकरू म्हणून राहिल्या. त्या वाड्याचे जोते काळ्या दगडाचे, रस्त्यापासून तीन पायऱ्या उंच होते. लहानपणी त्या पायऱ्यांचा उपयोग आम्हांला बसून चिंचोके खेळण्यापुरता ठाऊक होता. आजोबा मात्र त्यांना फार मान देत. एखाद्या घराविषयी मत द्यायचे झाले तर ते भिंत किंवा छप्पर यांच्याकडे न पाहता आधी जोते पाहत. दर वर्षी वैशाखात शाकारणी होई. कौले उतरवून, फुटकी वेगळी काढून, वळचणीच्या पन्हळी साफ होत. त्या दिवसांत घरात धुळीचे राज्य असे आणि आईची चिडचिड कळसाला पोहोचे, तरी शाकारणी कधी टळली नाही. काळ्या मातीच्या मुलुखात राहणाऱ्यांनी हे नियम अनुभवाने शिकून घेतले होते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या भिंतींना तडे पाडते; त्या तड्यांतून पुढचा पाऊस आत शिरतो. म्हणून पाया घेताना काळी माती उपसून खाली मुरूम भरायचा आणि घर जमिनीपासून उंच धरायचे. वाड्याच्या मागच्या बाजूला, जेथे जोते संपत असे, तेथे दोन खोल्या होत्या. त्यांचे भाडे कमी होते. तेथे राहणाऱ्या मुलांना वर्षाचे आठ महिने शेंबूड असे, आणि मोठी माणसे म्हणत, 'त्या मुलांची प्रकृतीच तशी.' प्रकृती खोलीची होती, हे कोणी म्हटल्याचे आम्हांला आठवत नाही.

शासकीय सेवेत सदतीस वर्षे काढून 2021 साली आम्ही निवृत्त झालो. निवृत्त माणसांचे सकाळी फिरणे हा आपल्या शहरातील एक मोठा उद्योग आहे. आमच्या फिरण्याच्या मंडळीत बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक उपअभियंता आहेत, एक माजी परिचारिका आहेत, बँकेतले एक गृहस्थ आहेत. आमच्या सौभाग्यवती गुडघ्यांच्या कारणास्तव शेवटच्या चक्करीत सामील होतात. या मंडळीतल्या परिचारिकाबाईंकडे घरकामाला येणाऱ्या बाईंचा चार वर्षांचा नातू हिवाळा सुरू झाला की दम्याने बेजार होई. औषधे सुरू होती, उतार पडे, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एके दिवशी आमचे उपअभियंता मित्र म्हणाले, 'पोराला फार वेळा तपासून झाले. एकदा खोली तपासू.' त्यातून सारे सुरू झाले.

त्या बाई मूळच्या खानदेशातल्या. सासरे हुकुमचंद मिलमध्ये कामाला होते. 1991 च्या डिसेंबरात ती गिरणी बंद पडली आणि कुटुंब चाळीतून हलून नाल्याकाठच्या वस्तीत आले. दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली, विटांच्या भिंती, वर टिनाचे पत्रे आणि पत्र्यांवर कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, हसरा चेहरा आकाशाकडे केलेले. (या शहरातील पुढाऱ्यांनी गरिबांना छत्र दिले नाही असे कोणी म्हणू नये.) बाईंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, 'काका, रात्री वरून टपकतं. पाऊस नाही न काही नाही, तरी टपकतं. लोक म्हणतात, घरात काही बाधा आहे.'

बाधा होती, आणि ती अगदी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातली होती. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. आत पाच माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. ही सारी वाफ वर जाऊन त्या थंड पत्र्याला टेकते आणि पहाटे थेंब होऊन अंथरुणावर पडते. थंडी आत येऊ नये म्हणून बाईंनी झरोक्यात चिंध्या कोंबल्या होत्या. त्यामुळे वाफेला बाहेर जाण्याची वाटच उरली नव्हती. झरोका उघडा ठेवला तर खोली अधिक ऊबदार होईल, हे आमच्या मित्राचे म्हणणे त्यांना पटवून द्यायला आम्हांस दोन आठवडे लागले. आम्हांला स्वतःला पटायलाही एक संध्याकाळ लागली होती.

पण वरचे पाणी त्यातल्या त्यात सज्जन. खरा त्रास खालच्या पाण्याचा होता. खोलीची जमीन बाहेरच्या गल्लीपेक्षा अर्धा फूट खाली होती. वीट हा मोठा तहानलेला पदार्थ आहे. दिव्याची वात जसे तेल ओढते तशी ती जमिनीतले पाणी वर ओढते, आणि कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंत काळवंडते. पाण्याबरोबर मातीतले क्षार येतात, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. याला आपले जुने गवंडी लोणा म्हणतात. बाईंच्या मुलाने उसनवारी करून त्या भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा करून घेतला होता. सिमेंटने ओल थांबेल अशी सार्वत्रिक समजूत आहे. सिमेंट ओल झाकते. बाहेर पडायची वाट बंद झाली की पाणी आणखी वर चढते, आणि पूर्वी दोन फुटांवर असलेला डाग पुढच्या हिवाळ्यात चार फुटांवर भेटतो. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो, पण चुना मळणारे गवंडी आता शोधावे लागतात. तिसरे पाणी मोरीचे. खोलीच्या कोपऱ्यातली मोरी भिंतीला लागून होती आणि तिच्या फरशीच्या सांध्यांतून आंघोळीचे, भांड्यांचे पाणी रोज भिंतीच्या पायात मुरत होते. त्याच भिंतीला टेकून त्या मुलाचे अंथरूण असे, कारण दाराकडून वारा येतो.

परिचारिकाबाईंनी आपल्या पिशवीतून उष्मामापक काढून खोलीत टांगला. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बाहेर आठ अंश होते, आत अकरा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घरांविषयी ज्या सूचना काढल्या त्यांत थंडीच्या दिवसांत घरात निदान 18 अंश असावेत असे म्हटले आहे. अठराचे नाव काढल्यावर बाई हसल्या. त्यांच्या मते एवढी ऊब फक्त गिरणीच्या यंत्रखात्यात होती.

त्या उन्हाळ्यात आम्ही ते घर दुरुस्त केले. आम्ही म्हणजे एक गवंडी, एक बिगारी, घरातली दोन माणसे आणि सल्ला देणारे पाच निवृत्त. जमीन उकरून काळी माती काढली, मुरूम धुम्मस करून बसविला, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून तीन इंचांचा काँक्रीटचा थर दिला आणि वर कोटा फरशी. जमीन नऊ इंच वर आली तसे दार नऊ इंच ठेंगणे झाले. मग चौकट उचलली, आणि चौकट उचलली म्हणून पत्रे उचलले. घराचे दुखणे एका ठिकाणी धरले की दुसरीकडे सुटते, हे आमच्या मित्राला ठाऊक होते. खर्चाचा अंदाज करणाऱ्या बँकेच्या गृहस्थांना ते नव्याने कळले. मोरी उलट्या भिंतीला नेऊन तिचे पाणी नळीने थेट गटारात सोडले. सिमेंटचा गिलावा तीन फुटांपर्यंत खरवडून चुन्याचा केला. पत्र्याखाली अर्धा फूट जागा सोडून बांबूच्या चटईचे छत बांधले, चुलीच्या वरचा भाग तेवढा मोकळा ठेवून, आणि समोरासमोरच्या भिंतींत उंचावर दोन झरोके ठेवले. सगळा खर्च सतरा-अठरा हजारांत बसला. त्यातला तिसरा हिस्सा घरच्यांनी मजुरीच्या रूपाने दिला. पुढच्या जानेवारीत त्याच खिळ्यावरच्या उष्मामापकात पंधरा अंश दिसले. अठरा काही झाले नाहीत. मुलगा त्या हिवाळ्यात दोनदा आजारी पडला. आदल्या हिवाळ्यात किती वेळा पडला होता हे मोजायचे कोणी मनावर घेतले नव्हते. पण टपकणे थांबले, आणि वस्तीतली इतर घरे आम्हांला दारावरून हाका मारू लागली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावरून आमच्या परिचितांत बरीच चर्चा झाली आहे. आपल्या समाजातली मंडळे दर वर्षी संक्रांतीच्या आगेमागे कांबळी वाटतात. आम्हीही अनेक वर्षे वर्गणी दिली आहे. अशाच एका मंडळाच्या बैठकीत आम्ही सुचविले की या वर्षी शंभर कांबळ्यांच्या पैशांत दोन घरांच्या जमिनी करू. एक वडीलधारे सभासद, ज्यांच्याविषयी आम्हांला नितांत आदर आहे, म्हणाले, 'अहो, तुमचे जोते जूनपर्यंत होईल. त्याला आजची रात्र काढायची आहे.' याला उत्तर देणे सोपे नाही. त्या रात्रीपुरते त्यांचे म्हणणे खरेच होते. तरीही आम्ही त्या वस्तीत मागल्या वर्षीची कांबळी पाहिली होती. ओल्या जमिनीवर अंथरलेले कांबळे महिन्याभरात कुबट होते आणि होळीपर्यंत दाराचे पायपुसणे होते. शंभर घरांना एकेक कांबळे दिल्याने शंभर जणांचे आशीर्वाद आणि वर्तमानपत्रात एक छायाचित्र मिळते. जमीन नऊ इंच उचलल्याचे छायाचित्र चांगले येत नाही. शेवटी मंडळाने साठ कांबळी वाटली आणि उरलेल्या रकमेत एका घराची जमीन झाली. मराठी माणसाच्या बैठकीत याहून अधिक एकमत आम्ही पाहिलेले नाही.

जमिनीचे महत्त्व ही काही आमची लहर नव्हे. मेक्सिकोत 2000 साली कोआविला प्रांतात गरिबांच्या मातीच्या जमिनी सिमेंटच्या करून देण्याची एक सरकारी योजना निघाली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा त्या घरांतल्या मुलांमध्ये जंत, जुलाब आणि पांडुरोग कमी झालेले आढळले, आयांच्या मनावरचा ताणही उतरला होता. न्यूझीलंडमध्ये 1350 घरांना उष्णतारोधक अस्तर देऊन पाहिले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांच्या शाळेतल्या आणि मोठ्यांच्या कामावरच्या गैरहजेऱ्या घटल्या होत्या. श्रीमंत देशही आपल्या थंड, ओल्या घरांना कंटाळलेले आहेत, एवढे यावरून समजते. आणि या बाबतीत इंदूरने कोणाकडे फार पाहण्याचे कारण नाही, कारण या प्रश्नाचा एक थोर जाणकार शंभर वर्षांपूर्वी याच गल्ल्यांतून हिंडून गेला आहे.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. 1887 च्या सुमारास त्यांनी नवपरिणीत पत्नीसह एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या पडीक, कोंदट वस्तीत बिऱ्हाड केले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून खोल्यांची सफाई, रंगसफेदी, दुरुस्ती सुरू केली. सबंध वस्ती पाडून नवी बांधण्याच्या इंजिनियरी उत्साहावर त्यांचा विश्वास नव्हता. जे घर वाचवता येईल ते वाचवायचे, अगदीच गेलेले तेवढे काढून तेथे उजेड आणि वारा येऊ द्यायचा, अशी त्यांची शस्त्रक्रिया होती. तुकोजीराव तिसरे यांच्या दरबारासाठी त्यांनी इंदूरचा जो अहवाल लिहिला तो 1918 साली दोन खंडांत निघाला. त्या वेळी शहरात प्लेगची दहशत होती. साहेब ज्या गल्लीत फिरतो तेथली घरे पुढे पाडली जातात, असा लोकांचा अनुभव. म्हणून हा म्हाताराच प्लेग आणतो अशी कुजबुज त्यांच्या कानी आली. तेव्हा त्यांनी महाराजांकडे एक दिवसाचे राज्य मागितले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत आहे. दिवाळीत मिरवणूक काढायची आणि ती नेहमीच्या रस्त्याने न नेता ज्या भागातील लोक आपली घरे सर्वांत चांगली झाडतील, दुरुस्त करतील त्या भागातून न्यायची, अशी दवंडी पिटली गेली. आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून गल्लोगल्ली चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि उंदीर होते, आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेले, गळ्यात हार असलेले सफाई कामगार मानाने चालत होते. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे पहिल्या आलेल्या या शहराने गेडिसची एवढी तरी आठवण ठेवायला हवी होती. आमच्या माहितीत येथे त्यांच्या नावाचा साधा चौकही नाही. असल्यास वाचकांनी अवश्य कळवावे.

गेडिसनंतर सुमारे सत्तर वर्षांनी या शहरात पुन्हा एकदा मोठा विचार झाला, आणि त्याच्या आधीच्या एका पावलाचे आम्ही साक्षीदार आहोत. 1984 साली मध्य प्रदेश शासनाने नगरीय क्षेत्रातील भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा केला. झोपडीखालची पन्नास चौरस मीटरपर्यंतची जमीन राहणाऱ्याच्या नावे करायची. आम्ही तेव्हा नायब तहसीलदार म्हणून नुकतेच रुजू झालो होतो. टेप, नोंदवही आणि एक शिपाई घेऊन दिवसभर मोजणी करायची आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात पट्टे लिहायचे. त्या कायद्यावर टीका पुष्कळ झाली. मतांसाठी केला, अतिक्रमणाला बक्षीस दिले, असे आमच्याच सेवेतले वरिष्ठ म्हणत. पण एक बदल आम्ही डोळ्यांनी पाहिला. पट्टा हातात पडल्यावर महिन्या-दोन महिन्यांत माणसे पायात दगड घालू लागली. उद्या उठवतील या भीतीने जो तट्ट्याची भिंत उभी करून राहतो, तो जोत्यावर पैसा घालत नाही, आणि त्याला कोणी शहाणपण शिकवू नये.

विकास प्राधिकरणाने बाळकृष्ण दोशी यांच्याकडून अरण्य ही वसाहत आखून घेतली. साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड. सर्वांत गरीब कुटुंबाला जोते आणि शौचालय-न्हाणीचा गाभा बांधून द्यायचा आणि वरचे घर त्याने आपल्या ऐपतीने वाढवायचे. त्या रचनेला 1995 साली आगाखान पुरस्कार मिळाला. दोशींच्या मोठेपणाविषयी लिहिणारे खूप आहेत. आम्हांला आपले एवढेच वाटते की, सुरुवात जोत्यापासून करणारा माणूस आमच्या आजोबांना आवडला असता.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची कल्पना अभियंता हिमांशु पारीख यांची. इंग्लंडच्या मदतीने 1989 पासून विकास प्राधिकरणाने जो निवास सुधार प्रकल्प राबविला त्याचे ते शिल्पकार. त्यांनी शहराचा नकाशा समोर ठेवून पाहिले की गरिबांच्या वस्त्या नेमक्या नदी-नाल्यांच्या काठाने, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या नैसर्गिक वाटांवर आहेत. तेव्हा या वस्त्या शहरावरचे डाग न मानता त्यांना एका जाळ्यात जोडले तर साऱ्या शहराचे सांडपाणी त्यांच्यातून उताराने वाहून नेता येईल. 183 वस्त्या त्यात घेतल्या गेल्या. घरोघर शौचालय, गल्लीत गटार, गटारातून नाल्याकाठची मोठी वाहिनी. आणि एक साधी गोष्ट, जी आम्हांला आज वारंवार आठवते : गल्लीचा रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा खाली ठेवायचा. पाऊस पडला की रस्ताच पन्हळ होईल आणि पाणी घरात न जाता उताराला लागेल. वेगळी पावसाळी गटारे बांधण्याचा खर्च त्यामुळे वाचत होता. 1998 साली या प्रकल्पालाही आगाखान पुरस्कार मिळाला.

पुरस्कारानंतरची कथा तितकी गोड नाही. नियोजनतज्ज्ञ गीता दिवाण वर्मा यांनी 2000 साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख लिहून या यशाविषयीच प्रश्न उपस्थित केला. कागदावरचे जाळे आणि प्रत्यक्षातली तुंबलेली गटारे यांतले अंतर त्यांनी दाखवून दिले. आमच्या मते दोन्ही पक्षांचे बोलणे खरे आहे. कल्पना उत्तम होती. पण गटार ही रोज सांभाळायची वस्तू आहे, आणि आपल्याकडे बांधकामाला उद्घाटन असते, देखभालीला नसते. सेवेत असताना देखभालीचे मथळे अंदाजपत्रकात सर्वांत आधी कसे कापले जातात ते आम्ही जवळून पाहिले आहे.

मात्र आजच्या ओलीचे कारण तुंबलेल्या गटारात जेवढे आहे त्याहून अधिक रस्त्यांत आहे. गल्लीतला रस्ता खराब झाला की जुना न खणता त्याच्यावरच नवा थर टाकतात. डांबराचा थर इंच-दोन इंचांचा असे. सिमेंट काँक्रीट आल्यापासून एका खेपेस सहा-सात इंच सहज चढतात. दर वेळी नागरिक समाधानी, कंत्राटदार समाधानी, फलक लागलेला. आणि दर वेळी रस्त्याकडेची घरे तेवढीच खाली गेलेली. ज्या घराचा उंबरठा 1990 साली रस्त्याच्या वर दीड फूट होता तो आज रस्त्याच्या खाली आहे, आणि घर तसूभरही हललेले नाही. हे केवळ वस्त्यांतच होते असे नाही. आपल्या जुन्या भागातील वाड्यांकडे पाहावे. तीन पायऱ्यांची एक झाली आहे, आणि काही ठिकाणी तीच पायरी आता आत उतरते. फरक इतकाच की वाडेवाले दार उचलू शकतात, किंवा विकून जाऊ शकतात.

या कामात आणखीही गुंते आहेत. घर दुरुस्त केलेल्या एका कुटुंबाला मालकाने तीन महिन्यांत भाडे वाढवून मागितले, कारण खोली आता 'चांगली' झाली. तेव्हापासून भाड्याच्या खोलीला हात लावण्यापूर्वी आम्ही मालकाकडून दोन वर्षे भाडे न वाढवण्याचे लिहून घेतो. कायद्यात त्याला किती वजन आहे ते आम्ही जाणतो, पण निवृत्त तहसीलदाराच्या समोर सही करताना माणूस थोडा दबकतो. प्रधानमंत्री आवास योजनेतून पट्टेधारकाला नव्या घरासाठी वा घर वाढविण्यासाठी अडीच लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकले आहे आणि कित्येकांनी त्यातून खरोखर चांगली घरे बांधली. ज्याच्याकडे कागद नाही, किंवा ज्याला घर पाडून मधले आठ महिने कोठे राहावे हा प्रश्न आहे, त्याच्यासाठी सतरा हजारांची दुरुस्ती हाच मार्ग उरतो. आणि सिगडीविषयी आम्ही प्रत्येक घरात सांगतो : दार लावून कोळशाची सिगडी पेटती ठेवून झोपू नका. दर हिवाळ्यात कोठे ना कोठे एखादे कुटुंब त्या विषारी धुराने झोपेतच संपल्याची बातमी येते. बंद खोलीत ऊब हवी म्हणून माणसे जे करतात ते केवळ अज्ञानाने करत नाहीत, गारठ्याने करतात.

2023 च्या डिसेंबरात हुकुमचंद मिलच्या कामगारांची बत्तीस वर्षे अडकलेली देणी मिळाली. त्या खानदेशी बाईंचे सासरे तोवर गेलेले होते. त्यांच्या वाट्याचे पैसे मुलांत विभागले गेले. बाईंच्या हिश्श्याला जे आले त्यातून त्यांनी शेजारच्या, दिराच्या खोलीचे जोते उचलून घेतले. आम्हांला विचारले नाही, फक्त गवंड्याचा फोन नंबर मागितला. काम पाहायला गेलो तेव्हा त्या स्वतः मुरुमावर पाणी मारत उभ्या होत्या. प्लास्टिकचा कागद भिंतीवर वीतभर चढवून घेण्याची आमची शिफारस त्यांनी त्या गवंड्याला आमच्याच सुरात ऐकवली.

मागल्या वर्षी त्या वस्तीतल्या दोन गल्ल्यांना काँक्रीट मंजूर झाले. आमच्या मित्राने गवंड्याची पाण्याची नळी घेतली, आणि आम्ही दोन सकाळी खर्चून तेवीस उंबरठ्यांची पातळी रस्त्याच्या मानाने मोजली. परिचारिकाबाई नळीचे एक टोक धरीत, बँकेचे गृहस्थ आकडे लिहीत. तक्ता करून अर्ज दिला : जुना थर खणून काढावा, नवा रस्ता आहे त्याच पातळीला ठेवावा, मध्यभागी किंचित खोलगट. अर्जाची भाषा कशी असावी याचे ज्ञान एवढ्या वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कशासाठी मिळाले होते! संबंधित अधिकारी तरुण होते. त्यांनी तक्ता लक्ष देऊन पाहिला आणि खणण्याचा दर अंदाजपत्रकात धरलेला नाही असे प्रांजळपणे सांगितले. तीन फेऱ्यांनंतर एका गल्लीत जुना थर खरवडला गेला. तेथे रस्ता इंचभरच वर आला. दुसऱ्या गल्लीत कंत्राटदाराच्या गाड्या आमच्या चौथ्या फेरीच्या आदल्या रात्रीच येऊन गेल्या होत्या. सकाळी ओल्या काँक्रीटवर गोणपाट अंथरलेले होते आणि मुले कडेला बसून त्यात नावे कोरीत होती. रस्ता सात इंच चढला होता.

त्या गल्लीतले नऊ उंबरठे आता रस्त्याच्या खाली आहेत. यंदाची आमची यादी तेवढ्याने भरली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुरुमाची गाडी यायची आहे; त्याआधी नऊ चौकटी उचलायच्या आहेत, आणि गवंडी लग्नसराईला गावी जाण्याची भाषा बोलू लागला आहे.